नाण्यावर सिंह, मान वाघाचा

खिशातलं कुठलंही नाणं काढून बघा. रुपयाचं असो, पाचाचं असो. एका बाजूला सिंह आहेत आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत ‘सत्यमेव जयते’. पासपोर्टवर तेच, सरकारी पत्रावर तेच, कोर्टाच्या निकालपत्रावरही तेच. शाळेतली मुलं मात्र भारताचा राष्ट्रीय प्राणी म्हणून वाघाचं नाव सांगतात, आणि ते बरोबरच आहे. मग नाण्यावर सिंह कसा, हा त्यांचा पुढचा प्रश्नही बरोबर असतो. त्याला नीट उत्तर द्यायचं तर दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्या लागतात: राजचिन्ह आणि राष्ट्रीय प्राणी.

राजचिन्ह २६ जानेवारी १९५० पासून आहे आणि ते बदललेलं नाही. राष्ट्रीय प्राणी मात्र बदलला. १९७२ पर्यंत तो मान सिंहाकडे होता. त्या वर्षी भारतीय वन्यजीव मंडळाने वाघाची निवड केली.

आधी चिन्हाबद्दल, कारण ते रोज डोळ्यांसमोर असूनही फार थोडे लोक ते नीट पाहतात. ‘तीन तोंडांचा सिंह’ असं सर्रास म्हटलं जातं. मुळात ते पाठीला पाठ लावून चार दिशांना बसलेले चार सिंह आहेत. चौथा मागे असल्यामुळे सपाट चित्रात दिसत नाही, एवढंच. सारनाथला अशोकाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात उभारलेल्या स्तंभाचं हे शीर्ष. १९०४-०५ च्या उत्खननात ते मिळालं. चुनारचा वालुकाश्म, उंची सुमारे २.१ मीटर, आणि सव्वादोन हजार वर्षांनंतरही अंगावर टिकून असलेली झिलई. सिंहांच्या पायाखालच्या गोल पट्टीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह असे चार प्राणी कोरलेले आहेत आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये २४ आऱ्यांचं एक चक्र आहे. राजचिन्हात समोरून दिसेल तेवढाच भाग घेतला आहे. मधोमध चक्र, उजवीकडे बैल, डावीकडे घोडा आणि दोन टोकांना अर्धवट दिसणारी चक्रं. मूळ शिल्पात त्याखाली उलट्या कमळासारखा घंटेच्या आकाराचा भाग आहे. तो चिन्हात गाळला. ‘सत्यमेव जयते’ हे मुंडकोपनिषदातलं वचन चिन्हाचाच भाग आहे. त्याशिवाय छापलेलं चिन्ह अपुरं धरलं जातं. आणि २००५ च्या कायद्यानुसार खासगी लेटरहेडवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा गाडीच्या काचेवर ते परवानगीशिवाय लावणं गुन्हा आहे. ट्रस्ट आणि संघटनांच्या पावती पुस्तकांवर ते बिनदिक्कत छापलेलं दिसतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

संविधानाच्या मूळ हस्तलिखित प्रतीसाठी हे सिंह रेखाटले ते शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकणाऱ्या दीनानाथ भार्गव यांनी. दगडी सिंहावरून चित्र काढून ते थांबले नाहीत. कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन जिवंत सिंहाची ठेवण, मान, जबडा हे सगळं निरखून आले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे सिंह कोरणाऱ्या बहुतेक हातांना हे भाग्य मिळालं नव्हतं. भारतातल्या सिंहांच्या मुलखाची दक्षिण सीमा साधारण नर्मदा मानली जाते. म्हणजे सह्याद्रीत सिंह नव्हता. सिंहगड, सिंहासन, सिंहाचा छावा असं सगळं मराठीत असलं तरी आपल्या किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला प्राणी बहुतेक वेळा शरभ असतो. सिंहासारखा दिसणारा, पण कल्पनेतला.

सिंहाला बाजूला सारून वाघ बसवण्याचा प्रकार १९७२ च्या बराच आधी एकदा होऊन गेला होता. रिझर्व्ह बँक १९३५ साली सुरू झाली तेव्हा तिच्या मुद्रेसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या डबल मोहरेवरचं चित्र समोर ठेवलं होतं. त्यात सिंह आणि ताडाचं झाड होतं. वाघ हा भारताची ओळख सांगणारा प्राणी, असा विचार करून सिंहाच्या जागी वाघ घेतला आणि झाड तसंच ठेवलं. नोटेवरची ती गोल मुद्रा भिंगातून बघा, शेपटीला गोंडा नाही आणि अंगावर पट्टे आहेत.

१९७२ च्या निर्णयामागे त्याआधीच्या काही वर्षांत गोळा झालेले आकडे होते. १९६३ च्या गणनेत गुजरातेतल्या गीरमध्ये २८५ सिंह मोजले होते. १९६८ मध्ये १७७. दोन्ही गणनांची पद्धत सारखी नव्हती, त्यामुळे सगळी घट खरी धरता येत नाही. पण परिस्थिती वाईट होती यात शंका नाही. जंगलात गुरं इतकी होती की हरणांना चारा उरत नव्हता. त्या काळात तपासलेल्या सिंहाच्या विष्ठेत चार हिश्श्यांपैकी तीन हिस्से पाळीव जनावरं निघाली. सिंहाने गाय मारली की तिच्या मढ्यावर विष टाकलं जायचं, आणि शिकारीकडे परत आलेला सिंह मरायचा.

वाघाचं चित्र वेगळं होतं. १९६९ साली दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाची बैठक झाली. वाघ धोक्यात असल्याचं तिथे मांडलं गेलं, पुढे १९७० मध्ये शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या गणनेत देशभरात जेमतेम १,८०० च्या वर वाघ निघाले. सिंह एका राज्यातल्या एका जंगलात होता. वाघ हिमालयाच्या पायथ्यापासून केरळपर्यंत आणि सुंदरबनापासून सह्याद्रीपर्यंत. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपलं मेळघाट होतं. एका प्राण्याच्या निमित्ताने साल, साग, खारफुटी आणि गवताळ पट्टे अशी सगळ्या प्रकारची जंगलं राखायची, हा त्यामागचा हिशोब. सिंहाच्या निमित्ताने फक्त गीर राखलं गेलं असतं. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि सिंहावर जीव असणाऱ्यांनीही हे मान्य करावं. २०१५ मध्ये राज्यसभेच्या एका सदस्याने सिंहाला पुन्हा तो मान द्यावा असा प्रस्ताव मांडला तेव्हा बराच गदारोळ झाला. पण मानाने जंगलात फरक पडत नाही. राष्ट्रीय प्राणी असल्यामुळे कायद्याचं वेगळं कलम लागू होत नाही. संरक्षण मिळतं ते वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीमुळे, आणि त्या अनुसूचीत वाघ आणि सिंह दोघेही आहेत. वाघाला जास्त मिळालं ते प्रकल्पातून: पैसा, माणसं, वेगळं प्राधिकरण.

तरीही सिंह सावरला, आणि त्याचं श्रेय गीरमधल्या कामाला आहे. १९०० साली व्हाइसरॉय कर्झन जुनागढला आला तेव्हा सिंह इतके कमी उरले आहेत हे कळल्यावर त्याने शिकार रद्द केली, आणि नवाबांनी सिंहाला आसरा दिला. १९६५ मध्ये अभयारण्य झालं, १९७५ मध्ये त्याच्या गाभ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दोन्ही मिळून १,४१२ चौरस किलोमीटर, त्यातलं उद्यान २५८. १९७२ पासून गुरं बाहेर काढली, अनेक मालधारी म्हणजे गुरं राखणाऱ्या कुटुंबांचे नेस जंगलाबाहेर हलवले. नेस म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत चार-दोन घरं आणि म्हशींचा गोठा. चितळ, सांबर वाढले, आणि त्यांच्या मागोमाग सिंह. २००१ मध्ये ३२७, २०१० मध्ये ४११, २०१५ मध्ये ५२३, २०२० मध्ये ६७४ आणि मे २०२५ मध्ये ८९१.

तिकडे सिंहाला ‘सावज’ म्हणतात. मराठी माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा गोंधळतो, कारण आपल्याकडे सावज म्हणजे ज्याची शिकार होते ते जनावर. काठियावाडात शिकार करणारा तोच सावज. गाइड ‘सावज बेठो छे’ म्हणाला तर चितळ शोधू नका, झुडपाखाली बघा.

८९१ हा आकडा येतो कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. वाघासारखे कॅमेरे लावून, पट्ट्यांवरून अंदाज बांधण्याची ही पद्धत नाही. इथे सिंह प्रत्यक्ष पाहून मोजतात. सगळा प्रदेश आधी विभाग, झोन आणि उपझोन अशा तुकड्यांत वाटतात, आणि शेवटचा तुकडा एका पथकाला दिवसभरात पिंजून काढता येईल एवढाच ठेवतात. २०२५ ला १० आणि ११ मे हे दोन दिवस प्राथमिक मोजणी, १२ आणि १३ मे अंतिम. क्षेत्र ११ जिल्ह्यांतलं ३५,००० चौरस किलोमीटर, माणसं सुमारे ३,०००. प्रत्येक नोंदीत वेळ, जीपीएसची जागा, कळपात किती, नर-मादी, अंदाजे वय, अंगावरच्या खुणा आणि कुठून कुठे गेला ती दिशा, एवढं भरावंच लागतं.

मोजणीसाठी मे महिना का? गीर हे सागाचं पानझडी जंगल. मे महिन्यात झाडांवर पान नसतं, गवत वाळून बसलेलं असतं आणि नजर लांब पोहोचते. ओढे आटलेले असल्यामुळे सिंह पाणवठ्याच्या आसपासच राहतो. पहिल्या पावसानंतर हीच मोजणी केली तर निम्मे सिंह हिरवळीत हरवतील.

सगळ्यात मोठी चूक दुबार मोजणीची. समजा, संध्याकाळी ६.१० ला एका बीटमध्ये, म्हणजे एका वनरक्षकाच्या हद्दीत, दोन नर पूर्वेकडे जाताना दिसले, आणि ७ वाजता पूर्वेच्या शेजारच्या बीटमध्ये दोन नर नोंदले गेले. दिशा आणि वेळ लिहिली असेल तर रात्री दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून ते दोघे एकच आहेत हे ठरवता येतं. दिशा लिहायची राहिली तर दोनाचे चार होतात. गीरमध्ये हा धोका जास्त आहे तो इथल्या नरांच्या सवयीमुळे. आफ्रिकेतल्या चित्रांत दिसतं तसं नर, माद्या आणि छावे असं भरलं कुटुंब इथे सहसा एकत्र राहत नाही. माद्या आपल्या छाव्यांसह वेगळ्या, आणि दोन-तीन नरांची जोडी वेगळी. समागमाच्या वेळी किंवा मोठ्या शिकारीवरच ते एकत्र येतात. नरांची एक जोडी माद्यांच्या एकाहून जास्त टोळ्यांच्या हद्दीत फिरते, त्यामुळे तीच जोडी एका रात्रीत दोन-तीन पथकांना दिसू शकते.

दुसरी चूक उलट बाजूची. विणीनंतर मादी पिल्लांना काही आठवडे दाट जाळीत किंवा ओढ्याच्या कपारीत लपवून ठेवते आणि एकटीच बाहेर पडते. ती दिसते, पिल्लं मोजली जात नाहीत. तिच्या आचळांकडे लक्ष दिलं, ती दूध पाजते आहे हे ओळखलं, तर ट्रॅकर, म्हणजे सिंहाचा माग काढणारा, दुसऱ्या दिवशी त्याच जागी बसतो. उसाच्या फडात बसलेला सिंह तर पाच पावलांवरून जाऊनही दिसत नाही. २०२५ च्या ८९१ मध्ये १९६ प्रौढ नर, ३३० प्रौढ माद्या, १४० पाठडे आणि २२५ छावे होते. पाठडे म्हणजे वर्षाच्या वरचे पण तीन वर्षांच्या आतले. या वयातल्या नराची आयाळ नुकती फुटत असते आणि लांबून तो मादीच वाटतो, त्यामुळे या रकान्यात चुका होतात. २०२० मध्ये २२ जणांचं लिंग ठरवताच आलं नव्हतं आणि ते तसं प्रामाणिकपणे लिहिलं गेलं.

एकेक सिंह नेमका ओळखायचा तर मिशा बघाव्या लागतात. वरच्या ओठावर मिशीचा प्रत्येक केस जिथून निघतो तिथे एक काळा ठिपका असतो. हे ठिपके ओळींत असतात. सगळ्यात वरच्या ओळीत थोडेच, एक ते पाचेक, आणि तिच्या खालच्या ओळीत सलग. वरच्या ओळीतला प्रत्येक ठिपका खालच्या ओळीतल्या कोणत्या ठिपक्याच्या वर येतो, की दोघांच्या मधल्या फटीवर येतो, एवढं कागदावर उतरवायचं. डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी असते, म्हणून दोन्हीकडचे फोटो हवेत. नक्षी जन्मभर बदलत नाही. केनियात १९७० च्या सुमाराला ही पद्धत बसवली गेली आणि आता गीरमध्ये संगणकही ती वापरतात. अडचण फोटोची. कॅमेरा गालाला काटकोनात नसेल तर ठिपके सरकल्यासारखे दिसतात. सिंह शिकारीवर असेल तर तोंड रक्ताने माखलेलं असतं, आणि नाकावर माशा बसल्या असतील तर माशीचा ठिपका मोजला जातो. त्यामुळे जोडीला कानाच्या कडेची फाट, नाकावरची जखम, शेपटीचा तुटका गोंडा याही खुणा नोंदतात.

गीरचा सिंह आणि आफ्रिकेतला सिंह वेगळे ओळखण्यासाठी दोन जागा पुरेत. पहिली पोट. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत पोटाखाली कातडीची एक लोंबती घडी असते. दुसरी कान. नराची आयाळ डोक्यावर विरळ असल्यामुळे कान उघडे दिसतात. कोपरांचे केस आणि शेपटीचा गोंडा भरघोस असतो. प्रौढ नर १६० ते १९० किलो, मादी ११० ते १२०.

निम्म्याहून जास्त सिंह आज उद्यान आणि अभयारण्याच्या बाहेर राहतात. आंब्याच्या बागांत, वीडीत म्हणजे गवताच्या राखीव कुरणात, नदीकाठच्या बाभळींत, शेतात. शेतकरी त्यांना सहन करतात त्यामागे श्रद्धा आहे तसा व्यवहारही आहे. सिंह फिरत असला की नीलगाय आणि रानडुक्कर पिकात कमी येतात. पण बाहेर राहणं सिंहाला महाग पडतं, आणि मरण्याची कारणं वर्षानुवर्षं तीच आहेत.

उघड्या विहिरी हे पहिलं. रात्री नीलगायीच्या मागे धावताना कठडा नसलेल्या विहिरीत सिंह पडतो. वनखात्याने हजारो विहिरींना कठडे बांधून दिले आहेत, पण पूर्ण गोल कठडा बांधला तरच त्याचा उपयोग. मोटेच्या किंवा पंपाच्या बाजूला जागा मोकळी सोडली की पडण्याची जागा तीच होते. विहिरीत पडलेल्या सिंहाला भुलीचं इंजेक्शन लगेच मारत नाहीत. भूल चढली की तो बुडतो. आधी दोराने खाट किंवा जाळी सोडून त्याला टेकायला आधार देतात, मग पिंजरा उतरवतात. त्या वेळी विहिरीभोवती जमलेली गर्दी सगळ्यात जास्त नडते, कारण वर माणसं दिसली की जनावर खाटेवर स्थिर बसत नाही.

दुसरं कारण वीज. शेताच्या कुंपणाला लावलेलं सोलर झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन थांबतं, त्याने जनावर दचकून पळतं. तारेत थेट लाइनचा आकडा टाकला तर प्रवाह थांबत नाही, आणि सिंह, माणूस, गाय जे चिकटेल ते मरतं. विदर्भातले वाघ याच आकड्याने मरतात, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको. तिसरं कारण पीपावाव बंदराकडे जाणारी रेल्वे. रात्री रूळ हीच मोकळी, सोपी वाट, म्हणून सिंह तिच्यावरून चालतात, कधी बसूनही राहतात. त्या पट्ट्यात गाडीचा वेग कमी ठेवणं आणि रुळाकडेला ट्रॅकर फिरते ठेवणं, हाच त्यावरचा उपाय.

या तिन्ही कारणांनी सिंह एकेक करून मरतात. रोग मात्र कळपच्या कळप घेऊन जातो. सप्टेंबर २०१८ मध्ये गीरच्या पूर्व भागात, दलखाणिया रेंजमध्ये (वनपरिक्षेत्रात), तीनेक आठवड्यांत २३ सिंह मेले. तपासणीत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आणि जोडीला गोचिडीतून येणारा बबेसिया हा रक्तातला परजीवी निघाला. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा रोग, गोवराच्या विषाणूच्या जातकुळीतला. श्वासातून, लाळेतून पसरतो. गावकुत्रा सिंहाने मारलेल्या जनावराला तोंड लावतो, त्याच मांसावर सिंह परत येतो. सिंह एकत्र खातात आणि एकमेकांना चाटतात, त्यामुळे एकाला झालं की टोळीला होतं. विषाणू प्रतिकारशक्ती खाली आणतो, आणि एरवी अंगात निमूट राहणारा बबेसिया उसळतो. टांझानियातल्या सेरेंगेटीत १९९४ मध्ये याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. तिथे हजारो होते म्हणून ते पुन्हा भरून आले.

गीरमध्ये तेव्हा अमेरिकेतून लसीच्या ३०० मात्रा मागवल्या. कुत्र्यांना देतात ती नेहमीची लस, म्हणजे सौम्य केलेला जिवंत विषाणू, काही वन्य मांसाहारी प्राण्यांत रोगच निर्माण करते हे आधी दिसलेलं होतं, म्हणून लस निवडताना फार जपावं लागतं. शिवाय एका मात्रेने भागत नाही. पुन्हा मात्रा द्यायची तर तोच सिंह पुन्हा पकडायचा किंवा तेवढे दिवस पिंजऱ्यात ठेवायचा. शेकडो रानटी सिंहांचं असं लसीकरण होऊ शकत नाही. टिकाऊ काम गावांत आहे: कुत्र्यांना आणि गुरांना वेळेवर लस, मेलेली जनावरं उघड्यावर न टाकणं, आणि गोचीड नियंत्रण. त्या वर्षी ती साथ रेंजभर पसरून थांबली. पुढच्या वेळी थांबेलच असं नाही, कारण गीरचे सगळे सिंह एका छोट्या पूर्वजगटातून आलेले आहेत आणि त्यांच्यात आनुवंशिक वैविध्य फार कमी आहे. एकाला जो रोग मारतो तो दुसऱ्यालाही मारण्याची शक्यता मोठी.

इथून तिकडे सोमनाथ-द्वारकेला जाताना गीर करणारे मराठी पर्यटक खूप आहेत, त्यांच्यासाठी थोडं. जंगल १६ ऑक्टोबर ते १५ जून उघडं असतं, चार महिने बंद. परमिट गुजरात वनखात्याच्या संकेतस्थळावरूनच काढा. एका जिप्सीत सहाजण. देवळियाचं सफारी क्षेत्र कुंपणातलं आहे, सुमारे ४१२ हेक्टर. तिथे सिंह हमखास दिसतात, पण ते मोकळ्या गीरमधले सिंह नव्हेत, हे माहीत असू द्या. आणि रात्री कुणी ‘शेतावर सिंह दाखवतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. म्हैस किंवा कोंबडी बांधून सिंह दाखवणं हा वन्यजीव कायद्याने शिकारीचाच गुन्हा आहे. शिकार या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं. तिथे उभं राहून पैसे देणाराही त्यात येतो. सिंह जवळून नीट बघायचा तर बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानातही सोय आहे. २०२२ मध्ये जुनागढच्या सक्करबागेतून एक जोडी तिथे आली, बदल्यात इथून वाघ गेले.

सिंहांना गीरबाहेर दुसरं घर देण्याचा विषय मात्र अजून सुटलेला नाही. मध्य प्रदेशातल्या कुनोतून सिंहांसाठी २४ गावं हलवली गेली. १५ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत काही सिंह तिकडे नेण्याचा आदेश दिला. सिंह गेले नाहीत. १७ सप्टेंबर २०२२ ला त्याच कुनोत नामिबियाहून आठ चित्ते आले. ज्या माणसांनी सिंहासाठी आपली शेती आणि घरं सोडली, त्यांचा विचार त्या दिवशी फारसा कुणी केला नाही, आणि मला ते फार लागलं.

गुजरात सरकारने त्याऐवजी पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यावर भर दिला. ते १९२ चौरस किलोमीटरचं आहे, गीरपासून शंभरेक किलोमीटरवर. तिथला शेवटचा सिंह १८७९ मध्ये नोंदला गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये एक नर आपल्या पायांनी चालत तिथे पोहोचला, आणि मे २०२५ च्या मोजणीत बरड्यात १७ सिंह होते. ही आनंदाचीच बातमी आहे. पण तो नर ज्या वाटेने गेला ती वाट वाड्या-वस्त्यांमधून जाते, आणि त्या वाटेवर गीरमध्ये आहेत तशीच गावं, तशीच गुरं आणि तसेच कुत्रे आहेत.